मार्लिस उबेन घर घेऊन निघाली

व्हर्जिल उबेनने टोपी न काढताच स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली, तेव्हाच मार्लिसने ओळखलं की दीर काहीतरी सांगायला आलाय आणि सांगून लगेच पळणार आहे. तिचा नवरा डेल जाऊन पाच महिने झाले होते. तेवढ्या काळात व्हर्जिल टोपी घालून कधी बसला नव्हता.

"एक मार्चपर्यंत जागा मोकळी करून दे, मार्लिस."

आयोवाच्या त्या भागात जमिनीचं वर्ष एक मार्चला बदलतं. जुने करार संपतात, नवे लागू होतात. पूर्वी तर कुळं त्याच दिवशी बायकापोरं, कोंबड्या, चूल सगळं गाडीत भरून या शेतावरून त्या शेतावर जायची. त्यामुळे एक मार्च म्हटलं की कुणी कारण विचारत नाही. मार्लिसनेही विचारलं नाही.

"आणि घराचं काय?"

"अग्निशमनवाल्या पोरांना देतो. त्यांना सरावाला एक जुनं घर हवंच आहे. अठ्ठावीस फेब्रुवारी, शनिवार. सकाळी पेटवतील, दुपारपर्यंत सपाट. मक्याच्या बारा ओळी जास्त बसतील तिथे."

तो हे इतक्या सहज बोलला की जणू गोठ्याचं दार बदलायचं होतं. मार्लिस उठली, आतल्या ट्रंकेतून एक कागद घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवला. पडत्या काळात डेलने आपल्या वाट्याची जमीन या भावाला विकली, तेव्हाचा कागद. जमीन व्हर्जिलची. तिच्यावरचं घर डेल आणि मार्लिसचं. डेल असेपर्यंत ते तिथे उभं ठेवायची मुभा.

"घर माझं आहे, व्हर्जिल."

"कोण नाही म्हणतंय? पण उभं आहे माझ्या जमिनीवर."

"मग उचलून नेते."

व्हर्जिल हसला. "कुठे ठेवणार? ट्रेंटच्या गॅरेजमध्ये?"

ट्रेंट म्हणजे तिचा मुलगा. वीस वर्षं ॲरिझोनात होता. काकाने त्याला आधीच फोन केला होता हे तिला दोन दिवसांनी कळलं, कारण दोन दिवसांत ट्रेंटचा तक्ताच आला. चार पानं, रंगीत. घरातल्या प्रत्येक वस्तूपुढे एक चौकोन: हिरवा म्हणजे न्यायची, पिवळा म्हणजे विकायची, लाल म्हणजे टाकायची. शेवटी ट्रकची तारीख: वीस फेब्रुवारी.

"आई, तक्ता पाहिलास का?"

"पाहिला. रंग छान दिलेत."

"काही राहिलं असेल तर सांग."

"लाल फार झालंय रे."

"इथे तुझ्यासाठी एक खोली आहे, आई. अख्खं घर नाही. पण थंडी नाही, बर्फ नाही, घसरून पडायची भीती नाही."

"लोणच्याच्या बरण्या लाल का केल्यास?"

"काचेतलं खाण्याचं ट्रकवाले नेत नाहीत. नियम आहे त्यांचा."

"बरं. आणि मी कुठल्या रंगात बसते?"

ट्रेंट वाईट मुलगा नव्हता. त्याने खरंच खोलीला नवा रंग देऊन ठेवला होता. पण मार्लिसने तक्ता फ्रिजवर लावला तो मागची कोरी बाजू वर करून.

तिला ॲरिझोनाचा राग नव्हता. तिला जाण्याचा राग होता, आणि तो तिने एकतीस वर्षं पगार घेऊन गोळा केला होता. मार्लिस त्या भागातली टपालवाली, आता निवृत्त. गाव सोडून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पत्रावर नव्या पत्त्याची पिवळी पट्टी लागलेली तिने पाहिली होती. बारा महिने पत्रं पुढे जातात. मग त्याच नावाच्या पत्रावर शिक्का पडतो: परत पाठवा. पहिल्या नाताळात त्या माणसाची बारा-पंधरा कार्डं येतात, दुसऱ्या नाताळात चार, तिसऱ्या नाताळात त्याच्याबद्दल कुणी विचारतही नाही. अशी दोनशे तरी घरं तिने स्वतःच्या हाताने पुसली होती. "दोनशे एकावी मी नाही," ती फ्रिजला म्हणाली. दुसरं कुणी ऐकायला नव्हतंच.

जागेची अडचण सर्वांत आधी सुटली. सहा मैलांवरच्या ऑल्डरसन गावात जुन्या लोणीघराची, म्हणजे लोण्याच्या कारखान्याची, जागा ओसाड पडली होती. गाव रिकामं होत चाललंय म्हणून अशा जागा गावसभा फुकट द्यायची. अट एकच, वर्षाच्या आत तिथे घर उभं पाहिजे. गावाच्या कारकुनाने अर्जावर विचारलं, "बांधणार कधी?" मार्लिस म्हणाली, "बांधून झालंय. आणायचं आहे."

आणणारा होता लायल स्टीन. घरं हलवायचा धंदा त्याच्या आजोबांपासूनचा. गालात सूर्यफुलाच्या बिया धरून बोलायचा. त्याने घराभोवती दोन चकरा मारल्या, तळघरात उतरून तुळया ठोकून पाहिल्या आणि वर येऊन टरफल थुंकलं.

"रुंदी अठ्ठावीस फूट. धुराडं उतरवावं लागेल. बाकी सोनं आहे. खालून दोन लोखंडी तुळया घालू, जॅकवर उचलू, चाकं लावू. कपाटातल्या बशा काढू नका."

"एवढी खात्री?"

"टेबलावर चहा ठेवून या. सांडला तर माझी मजुरी देऊ नका. फक्त जमीन गोठलेली पाहिजे, आणि रस्ता मोकळा पाहिजे. रस्ता बघायला मी माणूस पाठवतो."

"माणूस कशाला?" मार्लिस म्हणाली. "एकतीस वर्षं त्याच रस्त्याने पत्रं वाटलीत. डोळे मिटून लिहून देते."

आणि तिने दिलं. ट्रेंटच्या तक्त्याच्या मागच्या चारही पानांवर तिने आपला तक्ता उतरवला. सव्वासहा मैल, कुठे विजेचा खांब, कुठे मेपलची फांदी, कोणत्या पुलाला किती रुंदी, कुठल्या वळणावर खड्डा. तारा उचलायला वीज कंपनीची माणसं कुठे कुठे लागतील तेही. लायलने कागद वाचले आणि त्याचं चघळणं थांबलं. "माझ्या माणसांना हे शिकवा," म्हणाला.

वाटेत घराघरांच्या, रस्त्याकडेला खांबावर रोवलेल्या एकोणीस टपालपेट्या होत्या. घर रस्त्याबाहेर दोन्हीकडे डोकावणार, म्हणून त्या दिवसापुरत्या पेट्या उपटून ठेवायला हव्यात. मार्लिस दारोदार गेली. लोकांनी ही संधी सोडली नाही.

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण. माझं कानाचं यंत्र लावतो."

"पेटी एक दिवस काढून ठेव."

"बायकोला बोलावतो, तिनेही ऐकलं पाहिजे. अगं, मार्लिस उबेन म्हणतेय पेटी काढा! एकतीस वर्षं हीच बाई पेटी हलली तर चिठ्ठी ठेवायची!"

हसले, चिडवलं, कॉफी पाजली, आणि सगळ्यांनी हो म्हटलं. एकोणिसातले अठरा जण. विसाव्या वर्षापासून जमीन कसणारा एल्डन मीस्टर तेवढा घरी सापडला नाही. त्याच्या पेटीत तिने चिठ्ठी ठेवली आणि मनात म्हणाली, एक पेटीच तर आहे, आपण स्वतः उपटू.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घर वर गेलं. दहा तारखेला ते पाच फूट हवेत, चाकांवर उभं होतं आणि मार्लिस चर्चमधल्या मैत्रिणीकडे झोपायला जात होती. बारा तारखेला लायल म्हणाला, "चला, एकदा सगळा रस्ता पाहून घेऊ," आणि दोघं त्याच्या गाडीतून निघाली. मीस्टरच्या शेतापाशी लायलने गाडी थांबवली.

"हे काय आहे?"

डाव्या हाताला, रस्त्याला अगदी खेटून, मीस्टरच्या फाटकाचे दोन दगडी खांब उभे होते. माणसाच्या छातीएवढे रुंद, माणसापेक्षा उंच. बरोबर समोर, उजवीकडे, विजेचा मोठा खांब आणि त्याच्यामागे ओढ्याची कडा. लायलने फीत लावली. सत्तावीस फूट दोन इंच.

"दहा इंच कमी," तो म्हणाला. "तुमच्या कागदावर विजेचा खांब आहे. त्या खांबाचा नंबरसुद्धा आहे. हे दगड कुठे आहेत?"

मार्लिसचा चेहरा गरम झाला. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, टपालपेट्या सगळ्या उजवीकडे. म्हणून त्या भागातले टपालवाले उजव्या सीटवर बसतात. डावा हात स्टिअरिंगवर, डावा पाय ब्रेकवर, उजव्या हाताने पेटीत पत्रं. फेरीही नेहमी एकाच दिशेने. एकतीस वर्षं तिने या रस्त्याची उजवी बाजू पाहिली होती. तिला प्रत्येक पेटीचा गंज माहीत होता. रस्त्याला डावी बाजूही असते हे तिच्या हिशेबातच आलं नव्हतं. आणि लायलच्या शेजारीही ती सवयीने उजव्या खिडकीतूनच बाहेर बघत बसली होती.

"पाडता येतील का?" लायलने विचारलं.

"आजोबांनी रचलेत त्याच्या. पाडू देणार नाही."

"मग त्याच्या शेतातून वळसा. मका काढलाय, जमीन दगडासारखी आहे. पण तो हो म्हणाला पाहिजे. आणि लवकर. पंचवीसला माझं दुसरं घर आहे, आणि हवामानवाले चोवीसपासून बर्फ वितळणार म्हणतायत."

एल्डन हो म्हणणार नाही, हे मार्लिसला लायलपेक्षा चांगलं ठाऊक होतं. सतरा वर्षांपूर्वी एल्डनची पेटी एकोणचाळीस इंचांवर होती. नियम एक्केचाळीसचा. तिने चिठ्ठी ठेवली, त्याने फाडली. तिने पत्रं टाकायचं बंद केलं. अकरा दिवस तो आपली पत्रं आणायला गावात जात होता. बाराव्या दिवशी पेटी वर गेली आणि एल्डनने तिच्याशी बोलणं टाकलं. त्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याला लोक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देतात, शत्रूलासुद्धा. एल्डनचं बोट सतरा वर्षांत तिच्यासाठी उठलं नव्हतं. वर तो रोज सकाळी व्हर्जिलसोबत बसून, पैसे कुणी द्यायचे यावर फासे टाकून कॉफी पिणारा.

ती तशीच त्याच्या शेडमध्ये गेली. तो पेरणीयंत्राखाली आडवा होता, फक्त बूट दिसत होते.

"एल्डन."

"चिठ्ठी मिळाली," बूट म्हणाले. "पेटी काढणार नाही."

"पेटीचं नाही आता. तुझ्या शेतातून घर न्यायचंय."

एल्डन बाहेर आला. हात पुसले. भिंतीवरची फीत काढली आणि रस्त्याकडे चालू लागला. मार्लिस मागून. खांबापाशी त्याने फितीचं एक टोक तिच्या हातात दिलं, स्वतः दुसरं घेऊन विजेच्या खांबापर्यंत गेला.

"सत्तावीस दोन. घर केवढं?"

"अठ्ठावीस."

"अरेरे," एल्डन म्हणाला. सतरा वर्षांत त्याला इतका आनंद झाला नसेल. "नियम म्हणजे नियम, उबेनबाई. दोन इंचांना अकरा दिवस झाले होते. दहा इंचांना किती होतात?"

"पंचावन्न."

"हिशेब पक्का आहे. व्हर्जिल म्हणत होता, तू येशील आणि रडशील."

"मी आले. रडायला व्हर्जिलला पाठव, त्याची सवय आहे."

एल्डनची मिशी जराशी हलली. "म्हणजे अजूनही माफी मागत नाहीस?"

"कशाची? पेटी खालीच होती."

"दोन इंच!"

"दोन इंच खाली म्हणजे खाली. तेव्हा तुझी पेटी चुकली होती, आज माझं माप चुकलंय. तेव्हा तू विचारायला आला नाहीस, रुसून बसलास. मी आलेय. देणार असशील तर दे. नाहीतर नाही म्हण, म्हणजे दुसरी वाट शोधते. पण हे घर मी त्या पोरांना जाळू देणार नाही, तुझ्या खांबांसाठीही नाही आणि तुझ्या रुसव्यासाठी तर मुळीच नाही."

वारा सुटला होता. दोघांच्या मध्ये फीत थरथरत होती. कुणीच टोक सोडलं नव्हतं.

"पंचावन्न लावत नाही," शेवटी एल्डन म्हणाला. "अकरा. मी थांबलो, तू थांब. तेविसाला सकाळी आठ वाजता. वितळायला लागलं असेल तर एक चाक आत येणार नाही."

चोवीसपासून वितळणार होतं हे त्यालाही ठाऊक होतं. मार्लिसने एवढंच म्हटलं, "आठ वाजता," आणि फीत सोडली. ती सपकन त्याच्या हातात जाऊन आपटली.

ते अकरा दिवस तिने थर्मामीटरकडे बघत काढले. तिसऱ्या दिवशी ट्रेंटचा फोन आला.

"काका म्हणतो घर अंगणातच अडकलंय. आई, हट्ट पुरे. ट्रक वीसला येतोय. मी पैसे भरलेत, आता परत मिळणार नाहीत."

"येऊ दे ना. ट्रक रिकामा नाही जाणार."

"म्हणजे येतेस?"

"ट्रक येईल," मार्लिस म्हणाली.

वीस तारखेला ट्रकमधून दोन माणसं उतरली आणि मान वर करून बघत राहिली. ज्या घरातून सामान न्यायचं ते त्यांच्या ट्रकपेक्षा उंच चाकांवर उभं होतं. "बाई," एक म्हणाला, "नक्की कोण कोणाला न्यायला आलंय?"

मार्लिसने त्यांना फळीवरून आत नेलं आणि माळ्याचा जिना दाखवला. वर सत्तावीस खोकी होती. ट्रेंटची कुस्तीची पदकं, शाळेच्या वह्या, तुटका ढोल, पाण्याची गादी, कुणा मुलीची पत्रं. 'पुढच्या वेळी नेतो' म्हणून वीस वर्षं ठेवलेलं सगळं. तक्त्यात एका ओळीत होतं: माळा, लाल. तिने प्रत्येक खोक्यावर हिरवी चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. माणसांना कॉफी आणि हॅमचे सँडविच दिले, पोहोचपावतीवर सही केली. ट्रक ॲरिझोनाला निघाला तेव्हा घर तेवढं हलकं झालं होतं.

तेविसाला सकाळी पारा शून्याच्या कितीतरी खाली होता. मार्लिस फळीवरून आत गेली, मैत्रिणीकडून आणलेल्या थर्मासमधला चहा आजीच्या पातळ कपात ओतला, तळाशी खडीसाखरेचा खडा टाकला आणि कप स्वयंपाकघरातल्या टेबलावर मधोमध ठेवला. लायलने ते पाहिलं आणि क्षणभर त्याचं चघळणं थांबलं.

फाटकाबाहेर अग्निशमनची लाल गाडी उभी होती. वाहतूक अडवायला तेच येतात. पथकाचा प्रमुख झेंडा हातात घेऊन म्हणाला, "शनिवारी काडी लावायला यायचं होतं. सोमवारीच वाट दाखवायला यावं लागलं. पोरं नाराज आहेत."

"त्यांना व्हर्जिलचं कोंबड्यांचं खुराडं दे," मार्लिस म्हणाली.

व्हर्जिल आपल्या गाडीत काच वर करून बसला होता. घर हललं, पायरीशिवाय, धुराड्याशिवाय, माणूस चालतो त्या वेगाने, तेव्हा तो खाली उतरला. घराच्या जागी तळघराचा चौकोनी खड्डा उघडा पडला होता.

"आणि हा खड्डा?" तो ओरडला. "हा कोण बुजवणार?"

"खड्डा जमिनीत आहे ना?"

"मग?"

"जमीन तुझी."

अठरा जणांनी पेट्या काढून ठेवल्या होत्या आणि आता ते आपापल्या फाटकात उभे होते. मीस्टरच्या शेतापाशी पोहोचले तेव्हा एल्डनचं कुंपण शंभर फूट उघडलेलं होतं. त्याची टपालपेटीही जागेवर नव्हती. शेतात लहान लहान निशाणं रोवलेली होती आणि निशाणांच्या मधे जाड ओकच्या फळ्या अंथरलेल्या.

"शेतातलं पाणी काढायच्या नळ्या आहेत खाली," एल्डन लायलला सांगत होता, मार्लिसकडे न बघता. "त्यांच्यावरची माती नीट गोठत नाही. फळीवरूनच चाक ने."

"हे कधी केलंस?" मार्लिसने विचारलं.

"अकरा दिवस होते ना."

"मला वाटलं ते अकरा दिवस माझ्यासाठी होते."

"तुझ्यासाठीच होते. फळ्या माझ्या नळ्यांसाठी आहेत."

तिसऱ्या फळीवर मागचं चाक आलं आणि बंदूक उडावी तसा आवाज झाला. फळी मधोमध मोडली. घर डावीकडे हातभर कललं. स्वयंपाकघराच्या खिडकीत आभाळ तिरकं दिसलं. मार्लिसच्या मनात एकदम आलं की ट्रेंटच्या खोलीला कुठला रंग दिलाय हे आपण विचारलंच नाही. लायल हात वर करून उभा होता. ड्रायव्हर थांबला नाही. थांबला असता तर चाक तिथेच बसलं असतं. एल्डन दुसरी फळी छातीशी धरून चाकापुढे धावला, टाकली, बाजूला लोळला. चाक तिच्यावर चढलं आणि घर सरळ झालं.

"सत्तराव्या वर्षी हे शोभतं का?" मार्लिस ओरडली.

"एकोणसत्तर!" एल्डन खाली पडल्या पडल्याच ओरडला. "नीट मोजत जा!"

दुपारी दोनला घर ऑल्डरसनमध्ये लोणीघराच्या जागेवर पोहोचलं. लायलने आधी फळी लावली आणि मार्लिसला पुढे जाऊ दिलं. बशा कपाटात होत्या. कप टेबलावर होता, मधोमध नव्हे, पण होता. चहाचा थेंब सांडला नव्हता. तो तळापर्यंत गोठला होता, खडीसाखरेसकट.

"सांडला नाही," लायल म्हणाला.

"गोठल्यावर कसा सांडेल?"

"अटीत गोठण्याबद्दल काही नव्हतं," तो म्हणाला, आणि तिला ते मान्य करावं लागलं.

चोवीसला खरंच वितळायला लागलं. रस्ते चिखलाने भरले. पंचविसाला ट्रेंटचा फोन आला.

"आई, माझ्या गॅरेजमध्ये सत्तावीस खोकी आहेत! गाडी बाहेर लावावी लागतेय. मी यांचं काय करू?"

"तक्ता कर," मार्लिस म्हणाली. "रंग छान देतोस तू. आणि उन्हाळ्यात ये. तुझी खोली तशीच आहे, फक्त आता खिडकीतून गाव दिसतं."

तो हसला की रागावला हे तिला नीट कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

शनिवारी, म्हणजे ज्या दिवशी जळायचं ठरलं होतं त्या दिवशी, ती टपाल कार्यालयात गेली. तिच्या जागी आलेली मुलगी खिडकीमागे होती. तिने पत्ता बदलायचा अर्ज पुढे सरकवला आणि मग लाजली. "तुम्हाला काय सांगू, तुम्हीच मला शिकवलंत."

मार्लिसने एकतीस वर्षं हे अर्ज तपासले होते. एक रकाना चुकला तरी परत पाठवले होते. जुना पत्ता लिहिला. नवा पत्ता लिहिला. मग 'कोण हलत आहे' या ओळीशी तिचं पेन थांबलं. तीन चौकोन होते: व्यक्ती, कुटुंब, व्यवसाय.

तिने खिडकीमागच्या मुलीकडे मोजपट्टी मागितली. तीन चौकोनांच्या शेजारी, त्याच मापाचा, चौथा चौकोन नीट आखला. त्यात खूण केली आणि पुढे लिहिलं: घर.

"हे नियमात बसत नाही," मुलगी हळूच म्हणाली.

"माहीत आहे," मार्लिस म्हणाली. "शिक्का मार."